गोड्या पाण्यातील शोभिवंत मासे : संदर्भग्रंथाची निवड

काचेच्या टाकीतील रंगीत मासे ही एके काळी मोठ्या शहरांतील अपूर्वाईची गोष्ट होती. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा ते पाहण्यासाठी गावोगावच्या शाळांच्या सहली मुद्दाम नेल्या जात. आज तालुक्याच्या गावीही शोभिवंत माशांची दुकाने आढळतात. शाळांच्या वऱ्हांड्यात, दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत आणि शासकीय कार्यालयांतही मत्स्यटाक्या दिसू लागल्या आहेत. छंदाबरोबरच त्याला जोडधंद्याचेही रूप येत आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा अंतर्भाव करण्यात आला आणि सर्वसाधारण लाभार्थींना प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. त्यामुळे महिला बचत गटांचे लक्षही या व्यवसायाकडे वळले आहे.

टाकी, हवेचा पंप, जाळी, खाद्य आणि मासे यांची खरेदी यथासांग होते. परंतु ज्या एका वस्तूवाचून ही सारी खरेदी वाया जाण्याचा संभव असतो, ती वस्तू, म्हणजे माशांविषयीचा विश्वसनीय संदर्भग्रंथ, बहुधा यादीत नसतेच. असला तरी मुखपृष्ठावरील चित्र पाहून तो घेतलेला असतो. शाळांची व ग्रामपंचायतींची ग्रंथालये यांची खरेदी मर्यादित निधीतून होत असल्याने हा ग्रंथ कोणत्या कसोट्या लावून निवडावा, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

चुकीच्या माहितीचे मोल

टाकीच्या काचेवरील शेवाळ चाटून साफ करणारा म्हणून विकला जाणारा ‘सकर’ मासा हे याचे ठळक उदाहरण आहे. दुकानात तो बोटाएवढा असतो. अनेक जुन्या छंदविषयक पुस्तकांत त्याचे नाव ‘हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस’ असे दिलेले असते. प्रत्यक्षात आपल्याकडे विकले जाणारे आणि देशातील अनेक नद्या-जलाशयांत पसरलेले मासे प्रामुख्याने ‘टेरिगोप्लिक्थिस’ या दुसऱ्याच प्रजातीचे आहेत. म्हणजे वाचक भक्तिभावाने वाचतो ती माहिती भलत्याच माशाची असते. हा दक्षिण अमेरिकेतील मासा ४० सेंटिमीटरहून अधिक वाढू शकतो. टाकी अपुरी पडू लागली की घरमालकाला त्याचा जीव घेववत नाही, म्हणून तो त्याला दयाबुद्धीने गावच्या तळ्यात किंवा ओढ्यात सोडून देतो. तेथे हा मासा काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो. त्यामुळे काठ ढासळतात, त्याच्या अंगावरील कठीण कवचामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात आणि स्थानिक माशांच्या अन्नात वाटेकरी निर्माण होतो. पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी सांगणारी एक ओळ खरेदीपूर्वी वाचली गेली असती, तर हे सारे टळले असते.

दुसरे उदाहरण ‘रूपचंद’ माशाचे. जाळ्यात सापडलेला हा मासा माणसाला फाडून खाणारा ‘पिरान्हा’ आहे, अशी आवई अधूनमधून उठते आणि गावात घबराट पसरते. रूपचंद म्हणजे ‘पाकू’. तो पिरान्हाचा आप्त खरा. परंतु पिरान्हाचे दात त्रिकोणी व धारदार असतात, तर पाकूचे दात दाढांसारखे सपाट, फळे व बिया फोडण्यास योग्य असे असतात. ज्या ग्रंथात दोन्ही माशांच्या दातांचे चित्र शेजारी शेजारी दिलेले आहे, तो ग्रंथ शाळेच्या कपाटात असल्यास शिक्षकाला पाच मिनिटांत गावाची भीती दूर करता येते. अर्थात रूपचंदही परदेशी मासा असल्याने तो नदीत सोडणे इष्ट नाही, हेही त्याच वेळी सांगता येते.

तिसरे उदाहरण प्रत्येक पंचायत सदस्याच्या परिचयाचे आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौद, डबकी व निरुपयोगी विहिरी यांत गप्पी मासे सोडले जातात. गप्पी आणि ‘गॅम्बुशिया’ हे दोन्ही मासे परदेशी, दोन्ही पिलांना जन्म देणारे, आणि त्यांच्या माद्या दिसण्यात पुष्कळशा सारख्या. गप्पीचा नर मात्र लहान व रंगीबेरंगी असतो, तर गॅम्बुशियाचा नर मादीसारखाच करड्या रंगाचा असतो. गॅम्बुशिया स्वभावाने आक्रमक असून इतर माशांचे पर कुरतडतो व त्यांची अंडी-पिले खातो. जगातील सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या शंभर नावांच्या यादीत त्याचा समावेश झालेला आहे. हा भेद चांगल्या ग्रंथातील दोन रेखाचित्रांवरून कळतो.

नाव हीच पहिली किल्ली

या तिन्ही उदाहरणांचे मर्म एकच आहे : मासा नेमका ओळखला गेला पाहिजे. दुकानातील नावे सोयीची असतात. परंतु एकाच नावाने चार मासे आणि एकाच माशाला चार नावे असा प्रकार तेथे नित्य घडतो. म्हणून ज्या ग्रंथात प्रत्येक माशाचे शास्त्रीय नाव, ते देणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव व वर्ष आणि पूर्वीची नावे दिलेली नसतील, तो ग्रंथ चित्रसंग्रह म्हणून कितीही देखणा असला, तरी संदर्भग्रंथ या संज्ञेस पात्र ठरत नाही.

शास्त्रीय नावे म्हणजे परकी व दुर्बोध नावे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधील माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी कित्येक माशांना येथील कोळी व भोई ज्या नावांनी ओळखत, तीच नावे शास्त्रीय नावांत गोवली. ‘मिस्टस शिंगटी’ मधील शिंगटी, ‘रिटा गोग्रा’ मधील घोगरा, ‘हिप्सेलोबार्बस कोलस’ मधील कोळस ही नावे आजही जगभरच्या ग्रंथांत आढळतात. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून मिळालेल्या महसीर माशाचे ‘टॉर खुद्री’ हे नावही साइक्स यांनीच दिलेले. पुढे १९५२ साली मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी इतर माशांचे खवले खाणाऱ्या एका माशाला ‘निओट्रोपियस खवलचोर’ असे अन्वर्थक नाव दिले. विद्यार्थ्यांपुढे हा इतिहास मांडल्यास शास्त्रीय नाव पाठ करण्याचा कंटाळा सहज दूर होईल.

तथापि नावे स्थिर नसतात, हीही एक अडचण आहे. गप्पीचे वर्णन १८५९ साली ‘पोसिलिया रेटिक्युलाटा’ या नावाने झाले. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक पुस्तकांत तो ‘लेबिस्टेस रेटिक्युलाटस’ या नावाखाली सापडतो. ‘पुंटियस’ या मोठ्या प्रजातीची २०१२ साली फेरमांडणी झाली आणि ‘रोझी बार्ब’ या नावाने विकला जाणारा आपल्या नद्यांतील मासा ‘पेथिया कोंकोनियस’ झाला. केरळ व लगतच्या कर्नाटकातील नद्यांत आढळणारा, अंगावर लाल पट्टा असलेला सुंदर मासा फ्रान्सिस डे यांनी १८६५ साली मद्रासचे तत्कालीन गव्हर्नर डेनिसन यांच्या नावाने नोंदविला होता. २०१३ साली भारतीय संशोधकांनी त्याच्यासाठी ‘सह्याद्रिया’ ही नवी प्रजाती स्थापन केली. शोभिवंत माशांच्या व्यापारासाठी नद्यांतून झालेल्या अतोनात पकडीमुळे हाच मासा संकटग्रस्त झाला आहे. जुना ग्रंथ त्याचे रंग वाखाणील, पण हे संकट सांगणार नाही. कावेरीतील प्रचंड वाढणाऱ्या महसीर माशाचे योग्य शास्त्रीय नाव तर २०१८ साली निश्चित झाले, आणि तोपर्यंत त्याची संख्या चिंताजनक होण्याइतकी घटली होती. ज्याला नेमके नाव नाही, त्याचे रक्षण कोणत्या यादीत नोंदवावे, हा प्रश्न प्रशासनापुढेही उभा राहतो.

ग्रंथांचे तीन प्रकार

बाजारात मिळणाऱ्या ग्रंथांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार छंदविषयक कोशांचा. अमेरिकेतील विल्यम इन्स यांचा ‘एक्झॉटिक अॅक्वेरियम फिशेस’ हा १९३५ साली प्रथम प्रसिद्ध झालेला ग्रंथ या प्रकारात मानदंड ठरला. नियॉन टेट्रा या माशाच्या ‘इनेसी’ या शास्त्रीय नावात त्यांचे नाव कायम झाले आहे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ गुंथर स्टेर्बा यांच्या ग्रंथाने या विषयाला अधिक शास्त्रशुद्ध बैठक दिली. रील आणि बेन्श यांच्या, १९८२ पासून जर्मन भाषेत निघालेल्या व पुढे इंग्रजीत आलेल्या ‘अॅक्वेरियम अॅटलास’ या बहुखंडी ग्रंथात प्रत्येक माशाची माहिती ठरावीक शीर्षकांखाली दिलेली आहे : मूलस्थान, नर-मादीतील भेद, स्वभाव, पाण्याचे तापमान व कठीणपणा, आहार आणि पूर्ण लांबी. दोन माशांची तुलना करण्यास ही पद्धत फार सोयीची पडते.

दुसरा प्रकार देशातील मत्स्यसंपदेची शास्त्रीय नोंद करणाऱ्या ग्रंथांचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांचा गंगेतील माशांवरील १८२२ सालचा ग्रंथ आणि फ्रान्सिस डे यांचा १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेला ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हे त्यातील आद्य ग्रंथ. आधुनिक काळात तलवार व झिंगरन यांचा १९९१ सालचा द्विखंडी ग्रंथ आणि के. सी. जयराम यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला व २०१० मध्ये पुन्हा निघालेला ग्रंथ अभ्यासकांच्या नित्य वापरात आहेत. त्यांत ओळखकोष्टके असतात. ‘मिशा आहेत की नाहीत’, ‘खवल्यांच्या रांगा किती’ अशा प्रश्नांच्या पायऱ्या उतरत वाचक माशाच्या नावापर्यंत पोहोचतो. मात्र टाकीतील संगोपनाची माहिती त्यांत शोधू नये. त्यांचा तो हेतूच नाही.

तिसरा प्रकार चकचकीत छायाचित्रांच्या स्वस्त पुस्तकांचा. यांतील मजकूर पुष्कळदा इतर पुस्तकांतून उचललेला असतो, आणि कित्येकदा एका माशाच्या चित्राखाली दुसऱ्याचे नाव छापलेले असते. मुलांमध्ये आवड निर्माण करण्यापुरता त्यांचा उपयोग आहे. निर्णय घेण्यासाठी त्यांवर विसंबू नये.

पाण्याचे गणित

शोभिवंत माशांच्या ग्रंथात सर्वांत अधिक दुर्लक्षित, पण सर्वांत महत्त्वाचा भाग पाण्याविषयीचा असतो. नियॉन टेट्रा अॅमेझॉनच्या खोऱ्यातील मृदू व किंचित आम्लधर्मी पाण्यातील मासा आहे. उलट गप्पी, मॉली यांसारख्या माशांना कठीण व अल्कधर्मी पाणी मानवते. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत, विशेषतः काळ्या पाषाणाच्या पठारी प्रदेशात, विंधन विहिरींचे पाणी कठीण असते. कोकणात जांभ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा मृदू असते. म्हणून एकाच पुस्तकाच्या आधारे रत्नागिरीतील बचत गटाला जो मासा सहज वाढविता येईल, तो मराठवाड्यातील गटाला नुकसानीत घालू शकेल.

येथे मापनपद्धतीचा घोटाळा होतो. युरोपीय ग्रंथांत पाण्याचा कठीणपणा जर्मन अंशांत दिलेला असतो, तर आपल्या प्रयोगशाळांच्या अहवालांत तो दर लिटरला मिलिग्रॅम या मापात असतो. एक जर्मन अंश म्हणजे सुमारे १७.८ मिलिग्रॅम प्रतिलिटर. ग्रामपंचायतीकडे पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचा जो अहवाल येतो, त्यात कठीणपणा ३०० मिलिग्रॅम असेल, तर तो सुमारे १७ जर्मन अंश झाला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा स्वीकारार्ह असून अन्य स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. माणसाला चालणारे हे पाणी नियॉन टेट्राच्या पैदाशीला चालेलच असे नाही. पंचायतीच्या दप्तरात असलेला हा अहवाल आणि ग्रंथातील आकडे शेजारी ठेवून पाहिल्यास कोणत्या माशाच्या नादी लागू नये, हे खरेदीपूर्वीच ठरविता येते.

गॅलन या मापाबाबतही सावधगिरी हवी. अमेरिकन गॅलन सुमारे ३.७९ लिटरचा, तर ब्रिटिश गॅलन सुमारे ४.५५ लिटरचा असतो. दहा गॅलनची टाकी अमेरिकन पुस्तकात ३८ लिटरची आणि ब्रिटिश पुस्तकात ४५ लिटरची होते. औषधाची मात्रा गॅलनवर दिलेली असेल, तर हा फरक माशांच्या जिवावर बेतू शकतो. ग्रंथ कोणत्या देशात छापला आहे, हे मुखपृष्ठामागील पानावर पाहून घ्यावे. लिटर, सेंटिमीटर व सेल्सियस ही मापे देणारा ग्रंथ मिळाल्यास त्याला प्राधान्य द्यावे.

हवामानाचीही हीच गोष्ट. थंड देशांतील पुस्तकांत पाणी गरम कसे ठेवावे, यावर पानेच्या पाने खर्च झालेली असतात. विदर्भ-मराठवाड्यात हिवाळ्यातील काही रात्री सोडल्या, तर खरा प्रश्न उन्हाळ्यात पाणी थंड कसे ठेवावे हा असतो. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सियसला पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. शिवाय माशांच्या मलमूत्रातून निर्माण होणारा अमोनिया उष्ण व अल्कधर्मी पाण्यात अधिक विषारी ठरतो. ज्या ग्रंथात हा संबंध स्पष्ट केलेला आहे, तो आपल्या राज्यातील वाचकाला विशेष उपयोगी होय.

आवृत्ती पारखावी

ग्रंथ जुना म्हणून टाकाऊ ठरत नाही. माशाच्या देहरचनेचे डे यांनी केलेले वर्णन आजही खरे आहे. परंतु नावे, संरक्षणविषयक स्थिती आणि पाण्याचे रसायन या तीन बाबतींत नवी आवृत्तीच पाहावी. एक सोपी कसोटी अशी : अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्या उपकारक जिवाणूंविषयी प्रत्येक ग्रंथात एखादे प्रकरण असते. दुसरा टप्पा ‘नायट्रोबॅक्टर’ हे जिवाणू पार पाडतात, असे जुनी पुस्तके सांगतात. मत्स्यटाक्यांत ते काम मुख्यतः ‘नायट्रोस्पायरा’ करतात, असे १९९८ साली दाखवून देण्यात आले. नव्या म्हणविणाऱ्या ग्रंथात ही दुरुस्ती नसेल, तर केवळ मुखपृष्ठ बदलून जुना मजकूर पुन्हा छापला असण्याची शंका घ्यावी.

सूचीकडेही आवर्जून पाहावे. शास्त्रीय नावांची आणि प्रचलित नावांची अशा दोन्ही सूची असाव्यात, आणि जुन्या नावावरून नव्या नावाकडे वाचकाला नेण्याची सोय असावी. सूचीविना पाचशे पानांचा ग्रंथ शाळेतल्या मुलाच्या हाती देणे म्हणजे त्याला अनोळखी शहरात पत्त्यावाचून सोडण्यासारखे आहे.

तीन माशांची परीक्षा

ग्रंथखरेदी समितीला प्रत्येक ग्रंथ संपूर्ण वाचणे शक्य नसते. अशा वेळी दुकानातच तीन माशांची पाने उघडून पाहावीत.

पहिला गप्पी. त्याचे आजचे व जुने नाव, नर-मादीतील फरक आणि गॅम्बुशियापासून त्याला वेगळे कसे ओळखावे, ही माहिती आहे का?

दुसरा सकर. पूर्ण वाढीची लांबी, लागणाऱ्या टाकीचे आकारमान आणि तो मोकळ्या पाण्यात सोडू नये हा इशारा दिलेला आहे का?

तिसरा झेब्रा मासा. हॅमिल्टन यांनी १८२२ साली वर्णिलेला हा भारतीय मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी पाळला जातो. त्याचे मूलस्थान भारतीय उपखंड असल्याचे ग्रंथात सांगितले आहे का, की केवळ व्यापारी मासा म्हणून त्याची बोळवण केली आहे?

तिन्ही पानांवर समाधानकारक उत्तरे मिळाली, तर तो ग्रंथ निःशंकपणे घ्यावा. पहिल्या दोन माशांबाबतच तो निरुत्तर झाला, तर किंमत कितीही कमी असली तरी तो परत ठेवावा.

उपलब्ध निधीचा विनियोग

शाळेसाठी एक चांगला छंदविषयक कोश पुरेसा आहे. शोभिवंत मत्स्यसंगोपन करणाऱ्या बचत गटाने त्याच्या जोडीला माशांच्या रोगांवरील व पैदाशीवरील पुस्तक ठेवावे. जिल्हा ग्रंथालयांनी मात्र जयराम किंवा तलवार-झिंगरन यांच्यासारखा देशी मत्स्यसंपदेवरील ग्रंथ संग्रही ठेवणे आवश्यक आहे. जाळ्यात अनोळखी मासा सापडल्यास तालुक्यातील शिक्षक, ग्रामसेवक व मच्छीमार सहकारी संस्थांचे पदाधिकारी तेथे जाऊन पडताळा घेऊ शकतील. शंका उरल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे किंवा भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या आकुर्डी येथील केंद्राकडे विचारणा करता येते.

हे बहुतेक ग्रंथ इंग्रजीत आहेत, ही उणीव नाकारता येत नाही. ती काही अंशी शाळांनाच भरून काढता येईल. आपल्या ओढ्यात, तलावात मिळणाऱ्या प्रत्येक माशासाठी विद्यार्थ्यांनी एकेक पुठ्ठ्याचे कार्ड करावे. त्यावर गावातील मच्छीमारांकडून कळलेले नाव, ग्रंथातून शोधलेले शास्त्रीय नाव, लांबी, मिळाल्याचे ठिकाण व महिना लिहावा आणि एक रेखाचित्र काढावे. दोन-तीन वर्षांत गावच्या पाण्याची एक छोटी नोंदवहीच तयार होईल. साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांवर जे केले, त्याचा प्रारंभही येथील मच्छीमारांना नावे विचारण्यातूनच झाला होता. ही नोंद जवळ असली, म्हणजे परका मासा तळ्यात आल्याचे त्या गावाला पहिल्याच जाळ्यात कळेल, आणि उपाय करण्यास वेळही हाताशी राहील.